मेलचे फोल्डर गायब झालेत? अकाउंट काढून परत टाकण्याआधी हे वाचा



मेलच्या फोल्डरवरचा व्हिडिओ केला, पण त्यात सगळा वेळ स्क्रीनवर कुठे क्लिक करायचं हे दाखवण्यातच गेला. असं होतं तरी का, आणि आपण घाईत कोणती चूक करतो, हे सांगायचं राहिलं. ते इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल.

सुरुवात एका फोनपासून झाली. मोखाडा तालुक्यात नागलीची बिस्किटं, पापड आणि लाडूचं पीठ करणाऱ्या महिलांचा एक गट आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, आठवत असेल. तेव्हापासून शहरातल्या कंपन्या दिवाळीच्या गिफ्ट बॉक्समध्ये काजू-बदामाबरोबर नागलीची बिस्किटंही घालायला लागल्या आणि या गटाला मोठ्या ऑर्डरी मिळायला लागल्या. मग ट्रेनिंगमध्ये सांगितल्याप्रमाणे ताईंनी स्वतःच्या नावाचा डोमेन घेतला, त्यावर मेल सुरू केला, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा फोल्डर केला. अगदी शिस्तीत.

जानेवारीत सकाळी साडेसातला फोन.

"सर, माझे सगळे फोल्डर गेले. नुसता इनबॉक्स आणि सेंट राहिलंय."

"काही डिलीट केलंत का ताई?"

"नाही हो. काल रात्रीपर्यंत होते. आता भाचा म्हणतोय, मावशी, अकाउंट काढून परत टाकतो, मग येतील."

"त्याला म्हणावं, कशालाच हात लावू नकोस. मी जव्हारहून निघतोय."

एवढी घाई का, ते सांगतो. एका खरेदीदाराकडे दिवाळीच्या मालाची बाकी अडकली होती. तो म्हणत होता माल कमी आला. पण त्याच्याच गोडाऊनच्या माणसाने ऑक्टोबरमध्ये मेल केला होता, सगळे बॉक्स मोजून मिळाले म्हणून. तो मेल फोल्डरमध्ये होता. आणि दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या अकाउंटवाल्यांशी बोलायचं ठरलं होतं.

उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकासाठी असा एक मेल फार मोलाचा असतो. २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो की लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, आणि करार असेल तरी ४५ दिवसांच्या पुढे जायचं नाही. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी तक्रार केली नाही, तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. म्हणजे सगळा खेळ तारखांचा आणि कागदाचा, आणि आपला कागद आता मेलमध्ये असतो.

फोल्डर राहतो कुठे?

वाटेत मी भाच्याशी फोनवर बोलत होतो. पोरगा हुशार आहे, पण त्याची समजूत अशी होती की मेल "इंटरनेटवर" असतो, म्हणजे कधीही परत येणारच. बहुतेकांचं असंच असतं. खरं म्हणजे फोल्डर तीन ठिकाणी असू शकतो: सर्व्हरवर, तुमच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर, किंवा दोन्हीकडे. आणि स्क्रीनवर जी यादी दिसते ती यातल्या कशाचीच पूर्ण यादी असेल असं नाही.

मेल आणण्याच्या दोन पद्धती आहेत. पॉप ही जुनी. तिला फोल्डर ही गोष्ट माहीतच नाही. ती सर्व्हरवरच्या इनबॉक्समधून मेल उचलते आणि तुमच्या कॉम्प्युटरवर आणून टाकते. दुसरी आयमॅप. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तिची सुरुवात केली. तिचा हेतूच हा की मेल आणि फोल्डर सर्व्हरवर राहावेत आणि कुठूनही तेच दिसावेत. ताईंचं अकाउंट आयमॅपवर होतं, म्हणून मला आशा होती.

पण आयमॅप असलं तरी अकाउंट काढून टाकणं धोक्याचंच. क्लासिक आउटलुकमध्ये काही फोल्डर "धिस कॉम्प्युटर ओन्ली" या नावाखाली बनतात, म्हणजे ते सर्व्हरवर गेलेलेच नसतात. अकाउंट रिमूव्ह करताना एक इंग्रजी सूचना येते, की या अकाउंटची कॉम्प्युटरवरची साठवण पुसली जाईल. आपण ती न वाचता येस दाबतो. जे सर्व्हरवर होतं ते परत येतं. जे नव्हतं ते गेलं. म्हणून माझा नियम असा की अकाउंट काढायचं शेवटी, आणि तेही आउटलुकच्या डेटा फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतल्यावर.

आधी वेबमेल

ताईंच्या घरी नेटवर्क अंगणाच्या एकाच कोपऱ्यात येतं. जव्हार-मोखाड्यातल्या वाचकांना हे नवीन नाही. तिथे खुर्ची टाकली, माझ्या फोनचं हॉटस्पॉट लावलं आणि आउटलुक बंद करून ब्राउझरमध्ये थेट वेबमेल उघडला.

हे पहिलं पाऊल का, तर त्यात कॉम्प्युटरवरचं प्रोग्रॅम, जुनी साठवण, अर्धवट सिंक, सगळं बाजूला पडतं. वेबमेलमध्ये फोल्डर दिसले तर सर्व्हर ठीक आहे, गडबड तुमच्या मशीनवर आहे. (नेटवर्क मध्येच तुटलं की आउटलुक कधीकधी अर्धीच यादी दाखवतं, तेव्हा चांगल्या रेंजमध्ये जाऊन दहा मिनिटं थांबणं एवढाच उपाय असतो.) आमच्याकडे वेबमेलमध्येही फक्त इनबॉक्स, सेंट, ड्राफ्ट्स आणि ट्रॅश. ताईंचा चेहरा पडला.

मग वेबमेलच्या सेटिंग्जमध्ये फोल्डर्स नावाचं पान उघडलं. राउंडक्यूब हे वेबमेल बऱ्याच होस्टिंगवाल्यांकडे असतं, त्यात हे पान आहे. तिथे सगळी यादी होती! ताईंचे चौदा फोल्डर एकाखाली एक, फक्त प्रत्येकासमोरचं बटण बंद.

आयमॅपमध्ये याला सबस्क्रिप्शन म्हणतात. पैसे भरायच्या सबस्क्रिप्शनशी याचा काही संबंध नाही, आणि हा शब्द वाचूनच लोक घाबरून ते पान बंद करतात. गावातल्या मतदार यादीसारखं समजा: माणूस गावातच राहतो, पण यादीत नाव नाही. सर्व्हरकडे दोन याद्या असतात. एक, खरोखर असलेल्या फोल्डरांची. दुसरी, "मला हे दाखव" अशी तुम्ही निवडलेल्यांची. बरेच प्रोग्रॅम फक्त दुसरी यादी मागतात. ती कोरी झाली की फोल्डर जागेवर असूनही दिसत नाहीत.

ही दुसरी यादी सर्व्हरवर एका छोट्या फाइलमध्ये असते. आणि इथेच ताईंची भानगड झाली होती. इनबॉक्समध्ये दहा दिवसांपूर्वीचा होस्टिंग कंपनीचा इंग्रजी मेल होता, न वाचलेला: अमुक रात्री तुमची सेवा नव्या सर्व्हरवर हलवत आहोत. मेल सांभाळणारी सॉफ्टवेअर वेगवेगळी असतात. कुरिअर नावाचं एक सॉफ्टवेअर ही यादी एका नावाच्या फाइलमध्ये ठेवतं, डवकॉट नावाचं दुसरं वेगळ्या नावाच्या. शिवाय काही सर्व्हर प्रत्येक फोल्डरच्या नावाआधी "इनबॉक्स" आणि टिंब लावतात, काही लावत नाहीत. घर बदलताना सामान सगळं आलं, पण कुठल्या खोक्यात काय आहे ती चिठ्ठी नव्या घरात कुणाला वाचता आली नाही, असा प्रकार.

एकेक बटण चालू केलं. फोल्डर एकामागून एक डाव्या बाजूला यायला लागले. ताईंनी सुस्कारा टाकला आणि चहा टाकायला आत गेल्या.

तुमच्याकडे वेबमेल ठीक असेल आणि फक्त आउटलुकमध्ये दिसत नसेल, तर क्लासिक आउटलुकमध्ये अकाउंटच्या नावावर राइट क्लिक, आयमॅप फोल्डर्स, क्वेरी. यादी येईल, त्यातले हवे ते सबस्क्राइब करा. त्याच खिडकीत खाली एक टिक असते, फक्त सबस्क्राइब केलेले फोल्डर दाखवा अशा अर्थाची. ती काढली तरी काम होतं. थंडरबर्डमध्येही अकाउंटवर राइट क्लिक करून सबस्क्राइब.

एकाच नावाचे दोन फोल्डर

चहा येईपर्यंत काम संपलं असं मला वाटलं होतं. पण ज्या फोल्डरसाठी एवढा आटापिटा, तो "व्यापाऱ्यांच्या पावत्या" नावाचा फोल्डर उघडला तर रिकामा. एकही मेल नाही.

परत सेटिंग्जचं पान. नीट बघितल्यावर दिसलं की "व्यापाऱ्यांच्या पावत्या" यादीत दोनदा आहे. अक्षर न् अक्षर तेच. आम्ही त्यातला एकच चालू केला होता.

ताई म्हणाल्या, "ते पहिल्यापासून दोन दिसायचे. मला वाटलं कॉम्प्युटर असंच दाखवतो."

हा आपल्या मराठीतलाच घोटाळा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. "ऱ्या" हे जोडाक्षर कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला "ऱ" वापरून त्याला "य" जोडतात. दुसऱ्यावर साधा "र", हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि "य". स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. सर्व्हर मात्र डोळ्यांनी वाचत नाही, तो आतले आकडे बघतो. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. एक फोल्डर ताईंनी फोनवरून बनवला होता, दुसरा भाच्याने लॅपटॉपवर. सगळे मेल ताईंच्या फोल्डरमध्ये, भाच्याचा रिकामा.

दुसरा चालू केला. दोनशेच्या वर मेल, आणि त्यात गोडाऊनवाल्याचा तो ऑक्टोबरचा मेल, फोटोसकट.

मराठी नावांची आणखी एक गंमत. जुन्या आयमॅप नियमांत फोल्डरची नावं साध्या इंग्रजी अक्षरांतच साठवायची असतात. त्यामुळे मराठी नाव सर्व्हरवर वेगळ्या लिपीत बदलून ठेवलं जातं: सुरुवातीला "अँड सन्स"च्या पाटीवर असतं ते "अँड" चिन्ह, मग अक्षरांची भेळ, शेवटी डॅश. देवनागरी अक्षराने सुरू होणारं नाव असेल तर त्या चिन्हानंतरचं पहिलं अक्षर कायम कॅपिटल सी असतं. २०२१ च्या नव्या नियमांत सरळ मराठी नाव चालतं, पण सगळे सर्व्हर अजून तिथे पोहोचलेले नाहीत. हे माहीत असणं का महत्त्वाचं? कारण होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये अशी नावं दिसली की एखादा "व्हायरस दिसतोय" म्हणून ती डिलीट करतो. तो तुमचा ऑर्डरचा फोल्डर असतो, बाबांनो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मराठी नावं जरूर ठेवा, आपली भाषा आहे. फक्त "ऱ्या", "ऱ्हा" असली अक्षरं फोल्डरच्या नावात टाळा. "पावत्या" एवढं पुरे आहे.

सर्व्हरवरही नसेल तर

समजा फोल्डर्सच्या पानावरही नाव नाही. तरी रडायची वेळ झालेली नाही. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण अगदी साधं आहे: माउसने एक फोल्डर चुकून ओढला जाऊन दुसऱ्याच्या पोटात पडतो.  प्रत्येक फोल्डरसमोरचा छोटा बाण उघडून आत बघा, ट्रॅशच्याही आत बघा. किंवा त्या फोल्डरमधल्या एखाद्या मेलचा विषय आठवत असेल तर सगळ्या फोल्डरांत शोधा आणि तो कुठल्या फोल्डरमध्ये सापडतो ते पाहा.

जीमेल वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबल असतात. सेटिंग्जमधल्या लेबल्स पानावर प्रत्येक लेबलसमोर "शो इन आयमॅप" अशी टिक असते. ती निघाली की ते लेबल आउटलुकमध्ये दिसत नाही. बस, एवढंच.

होस्टिंग बदलताना मात्र खरी हानी होऊ शकते. बऱ्याच सर्व्हरवर मेलचा प्रत्येक फोल्डर हा एक डिरेक्टरी असतो आणि तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते. लिनक्समध्ये टिंबाने सुरू होणारं नाव म्हणजे लपवलेलं. वेबसाइट हलवणारा मुलगा फाइल मॅनेजर उघडतो, दिसतंय ते सगळं सिलेक्ट करतो, कॉपी करतो. इनबॉक्स येतो, कारण तो टिंबाशिवाय आहे. बाकीचे फोल्डर जुन्या सर्व्हरवरच राहतात. सी पॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन हिडन फाइल्स दाखवायची टिक लावली की ते दिसतात. पण जुना सर्व्हर चालू आहे तोवरच. त्याचे पैसे भरणं बंद केलं की काही दिवसांत तो पुसला जातो. म्हणून नवीन ठिकाणी प्रत्येक फोल्डर उघडून, मेल मोजून होईपर्यंत जुनं होस्टिंग बंद करू नका. महिन्याभराचं भाडं जास्त गेलं तर जाऊ दे.

अशा वेळी होस्टिंगवाल्याला "माझा मेल चालत नाही" असं कळवून काही होत नाही. ते सांगतात, आमच्याकडून चालू आहे. त्यांना असं लिहा:

"अमुक तारखेच्या रात्रीपासून या मेलबॉक्समध्ये इनबॉक्सशिवाय कोणतेही फोल्डर नाहीत. वेबमेलच्या फोल्डर सेटिंगमध्येही नाहीत. कृपया सर्व्हरवर या मेलबॉक्सच्या आत टिंबाने सुरू होणारे फोल्डर आहेत का, त्यांची मालकी आणि परवानग्या बरोबर आहेत का, आणि सबस्क्रिप्शनची फाइल आली आहे का ते तपासा. नसतील तर जुना सर्व्हर किंवा त्या तारखेआधीचा बॅकअप पुसू नका आणि त्यातून हे फोल्डर परत आणा."

परवानग्यांचं वाक्य मुद्दाम घातलंय. कॉपी करणाऱ्याने मुख्य अधिकाऱ्याच्या लॉगिनने फाइल टाकल्या तर फोल्डर तिथे असतात, पण मेलच्या सॉफ्टवेअरला ते उघडायचा हक्क नसतो. दुरुस्ती दोन मिनिटांची असते.

जो फोल्डर परत आला नाही

सगळ्या गोष्टींचा शेवट ताईंसारखा होत नाही. जव्हारमधल्या एका लॉजमालकाचा अनुभव सांगतो. पावसाळ्यात दाभोसा धबधबा बघायला येणाऱ्यांचं त्यांच्याकडे बुकिंग असतं, शाळांच्या सहलींचंही. सहा-सात वर्षांचे मेल, शाळेप्रमाणे फोल्डर. लॅपटॉप हळू चालतो म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला दिला. दुकानदाराने विचारलं, "काका, डेटा हवाय का?" त्यांनी डेस्कटॉपवरचे फोटो आणि टॅलीचा बॅकअप काढून घेतला आणि म्हणाले, "मेल काय, इंटरनेटवर आहे." लॅपटॉप फॉरमॅट झाला.

त्यांचं अकाउंट पॉपवर होतं. फोल्डर कधी सर्व्हरवर गेलेच नव्हते. ते सगळे डॉक्युमेंट्समधल्या "आउटलुक फाइल्स" नावाच्या फोल्डरात एका फाइलमध्ये होते, आणि ती फाइल फॉरमॅटमध्ये गेली. आउटलुक पॉपमध्ये सर्व्हरवर प्रत ठेवतं, पण न बदललेल्या सेटिंगप्रमाणे ती १४ दिवसांनी काढून टाकतं. त्यामुळे सर्व्हरवर शेवटच्या दोन आठवड्यांचे मेल मिळाले, बाकी काही नाही. मी तीन तास बसलो. काहीच करता आलं नाही. त्यांनी मग एकेका शाळेला फोन करून जुने मेल परत पाठवायला सांगितले, काहींनी पाठवले.

तुमचं अकाउंट पॉप की आयमॅप हे आज बघून ठेवा. क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज उघडलं की नावासमोरच्या रकान्यात लिहिलेलं असतं. पॉप असेल तर आधी ती डेटा फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. मग त्याच पत्त्याचं आयमॅप अकाउंट शेजारी जोडा आणि जुने फोल्डर ओढून त्यात टाका. पॉपचं अकाउंट लगेच काढू नका. मोखाड्याच्या नेटवर्कवर हे ओढणं रात्रभर चालू शकतं, आणि सर्व्हरवर जागा किती आहे तेही आधी तपासा, नाहीतर अर्ध्यात अडकेल.

आता ताईंचं पुढे काय झालं? त्या दिवशी निघण्याआधी आम्ही तो ऑक्टोबरचा मेल उघडून त्याचा स्क्रीनशॉट न काढता मूळ मेलच फाइल म्हणून डाउनलोड केला. मूळ फाइलमध्ये तो कुठल्या सर्व्हरवरून कधी निघाला हे सगळं असतं, स्क्रीनशॉटमध्ये नसतं. प्रकरण पुढे कोर्टात गेलं, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते आहे. त्यासाठी वकिलाला विचारा, तो माझा विषय नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तो मेल बिलासोबत त्या कंपनीच्या अकाउंट विभागाला फॉरवर्ड केला आणि खाली एकच ओळ लिहिली, की आमची उद्यम नोंदणी आहे आणि मुदत केव्हाच उलटली आहे. त्या आठवड्यात अर्धी रक्कम जमा झाली. उरलेली मार्चअखेर देतो म्हणालेत. भाच्याने दोन्ही "पावत्या" एकत्र करून एक फोल्डर ठेवलाय आणि रिकामा डिलीट केलाय. डिलीट करण्याआधी त्याने मला फोन करून विचारलं, "सर, नक्की रिकामाच आहे ना?"